हात बदललेलं खातं

माझं काम लोकांची खाती बंद करण्याचं आहे. बँकेतली नव्हे, खेळातली. फरश्या लावायचा एक खेळ आहे, मोबाईलवर किंवा टॅब्लेटवर खेळायचा. दोघांची जोडी जमते, दोघांसमोर एकच पट असतो. आळीपाळीने रंगीत फरश्या ठेवायच्या आणि कडेला कड जुळवत पट भरायचा. प्रत्येकाच्या वाट्याला थोडा वेळ येतो, तो संपायच्या आत. एवढंच. एवढ्यासाठी माणसं हमरीतुमरीवर येतात, आम्हाला शिव्याशाप देतात आणि वर्षानुवर्षं एकाच जोडीदाराबरोबर खेळत राहतात. लग्नं एवढी टिकत नाहीत. माझं नाही टिकलं.

आमच्या मजल्याला खिडक्या आहेत, पण त्या उघडत नाहीत. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर एक स्वेटर असतो, कारण तिथली थंड हवा कुणाच्या ताब्यात आहे हे आजवर कुणालाच कळलेलं नाही. यंत्र सगळ्या खात्यांवर नजर ठेवतं आणि काही खटकलं की ते खातं माझ्या पडद्यावर आणून टाकतं, मांजराने उंदीर आणून टाकावा तसं. नाव दिसत नाही, नुसता नंबर. खाली दोन बटणं, ‘राहू दे’ आणि ‘बंद’. विचार करायला जेवढा वेळ दिलेला आहे तेवढ्यात धड शिंकही येत नाही.

बंद करायची कारणं फार नाहीत. माणसाऐवजी प्रोग्रॅम खेळतोय, एकच माणूस दहा नावांनी बसलाय, आणि सगळ्यात जास्त वेळा, खातं विकलंय. वरच्या पायरीवर पोचायला वर्षं लागतात, त्यामुळे अशा खात्यांना गिऱ्हाईक असतं. नियम सांगतो की खातं ज्याचं त्याचं. विकायचं नाही, द्यायचं नाही, मागे ठेवूनही जायचं नाही.

विकलेलं खातं ओळखायचं ते हातावरून. बोट फरशीवर कुठे टेकतं, उचलण्याआधी किती घुटमळतं, चूक झाली तर लगेच मागे फिरतं की पुन्हा तिथेच टोचून बघतं. उजव्या हाताचा माणूस फरशीच्या उजव्या अंगाला टेकतो, डावखुरा डाव्या. हे सगळं आम्हाला बारीक हिरव्या ठिपक्यांत दिसतं. जुना हात आणि नवा हात शेजारी शेजारी ठेवायचे, आणि जुळले नाहीत तर बंद. नाव बदलतं, पत्ता बदलतो, फोन बदलतो, हात बदलत नाही. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी आम्ही हेच घोकून घेतो.

खातं बंद झालेले लोक अर्थातच कबूल होत नाहीत. ते आजारपणं पाठवतात. काकांना झटका आला, आईचं बोट चिमटलं, मोतीबिंदू झाला, सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट. अशी सर्टिफिकेटं कुठेही विकत मिळतात असं वरच्यांना समजलं, तेव्हापासून हुकूम आहे की आजारपणाचा कागद बघायचाच नाही. आमच्या मजल्यावर एक म्हणच पडली: प्रत्येक विकलेल्या खात्यामागे एक आजारी काका असतो. मीही ती म्हणायचे.

माझ्या समोर गुरुजी बसतात. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे. पडदा उलट उत्तर देत नाही म्हणून ही नोकरी आवडते असं म्हणतात. भला माणूस. डब्यातलं अर्धं माझ्या डब्याच्या झाकणात काढून ठेवतात, आणि रोज न चुकता विचारतात, ‘काय, वडील काय म्हणतात?’ मी सांगते, ‘बरं म्हणतात.’ हे अगदी खरं असतं, कारण बाबांना तेवढंच म्हणता येतं.

बाबा छापखान्यात जुळारी होते. म्हणजे शिशाची अक्षरं एकेक उचलून ओळी जुळवणारे, त्याही उलट्या. नजर समोरच्या कागदावर आणि उजवा हात आपला आपण बरोबर त्या खणात. छापखाने संपले तेव्हा हात रिकामा झाला आणि ते घरात उगाच कपाटं आवरत बसायला लागले. मग कुणीतरी हा खेळ दाखवला. खेळात त्यांनी नाव घेतलं ‘जुळारी’, आणि तिथे त्यांना एक ‘सुतार’ भेटला. तो खरंच सुतार आहे की कुठला डॉक्टर, बाई आहे की बुवा, आम्हाला ठाऊक नाही. त्या खेळात मनचं काही लिहिता येत नाही, दहा-बारा तयार खुणा असतात. ‘वा’, ‘घाई नको’, ‘तुझी पाळी’, ‘चहा घेऊन येतो’, ‘उद्या’. एवढ्या भांडवलावर दोघांची आठ वर्षं मैत्री चालली होती, रोज संध्याकाळी सहाला.

मी कंपनीत लागले तेव्हा एका कागदावर सही केली होती की घरातल्या कुणाचं खातं नाही. कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाचं खातं चालत नाही. आमच्या मजल्यावर प्रत्येकाच्या घरात एखादं असतं आणि प्रत्येकाने सही केलेली आहे.

गेल्या वर्षी बाबांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, पण शब्द म्हणून ‘बरं’ एवढाच उरला. पाणी हवं असलं तरी बरं, राग आला तरी बरं. आई म्हणाली, ‘जन्मभर माझ्या एका गोष्टीला बरं म्हणाले नाहीत. आता उठता-बसता बरं.’ मग मोरीत जाऊन नळ सोडून बसली.

व्यायाम करून घ्यायला बाई येते. तिनेच सुचवलं की खेळू द्या, डावा हात तरी चालता राहील. टॅब्लेट उशीला टेकवून दिला. डाव्या हाताचं बोट फरशीकडे निघायचं, वाट चुकायचं, पुन्हा निघायचं. पण खुणा त्यांना सापडत होत्या. जे तोंडातून निघत नव्हतं ते त्या तयार खुणांतून बरोबर निघायचं. ‘तुझी पाळी’ दाबली की ती तुझी पाळीच असायची. सहा ते सात त्या खोलीतून बाबांचा हसण्यासारखा आवाज यायचा. दिवसातला तेवढा एक तास ते कुणाशी तरी बोलत होते.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. दिवसभर हात बदललेली खाती बंद करून मी घरी यायचे, बाबांचा बदललेला हात बघायचे, आणि ह्या दोन गोष्टींची माझ्या डोक्यात कधी गाठ पडली नाही. कामावर हात म्हणजे ठिपके असतात.

एका दुपारी गुरुजींनी त्यांचा पडदा माझ्याकडे वळवला. ‘ये, बघ. शिकवायला ठेवावा असा नमुना आहे.’

डावीकडे जुना हात होता, सरळ, चपळ, एकसारखा. उजवीकडे नवा. ठिपके सांडल्यासारखे पसरलेले.

‘कसलेल्या माणसाचं खातं एखाद्या शिकाऊने घेतलंय,’ गुरुजी म्हणाले. ‘आणि गंमत बघ, ह्याचा जोडीदार रोज आपल्या वाट्याचा वेळ ह्याला देतोय. विकणाराच कुणाला तरी सांगून गेला असणार, नवीन आहे, सांभाळून घे.’

जोडीदाराला आपला वेळ देता येतो, तशी सोय आहे. सहसा कुणी देत नाही.

‘मिळालेले आहेत दोघं,’ मी म्हटलं. गुरुजींनी ‘बंद’ दाबलं आणि मी माझ्या पडद्याकडे वळले.

घरी आले तर आई दारातच. ‘बघ गं काय झालंय, तासभर तोच आवाज चालू आहे.’ बाबा टॅब्लेटकडे बोट करून ‘बरं, बरं, बरं’ म्हणत होते, आणि ते ऐकवत नव्हतं. पडद्यावर लिहिलं होतं: ‘आपले खाते कायमचे बंद करण्यात आले आहे. कारण: खात्याचे हस्तांतरण. या निर्णयाबद्दल पत्रव्यवहार केला जाणार नाही.’ ते वाक्य मला नवीन नव्हतं. रोज मीच कुणाकुणाला ते पाठवत असते. बाबांनी माझी बाही धरली आणि लिहिण्याची खूण केली. त्यांना लिही. तू त्यांच्याच कंपनीत आहेस ना, लिही.

मला वाईट वाटायला हवं होतं. मी हात धुतले, भाजी चिरायला घेतली आणि विचार केला तो असा: आजारपण लिहून उपयोग नाही, ते कुणी वाचणार नाही. खरं लिहून उपयोग नाही, माझे बाबा आहेत म्हटलं तर खातं जाईल ते जाईल, नोकरीही जाईल, आणि घरभाडं आणि व्यायामवाली बाई माझ्याच पगारावर चालतात. उरली हातपरीक्षा. बंद झालेला माणूस एकदाच मागू शकतो. यंत्रासमोर तीन पट खेळून दाखवायचे, यंत्र तो हात जुन्या हाताशी ताडून बघतं. परीक्षा मागणारे बहुतेक नापास होतात. ‘हात दाखवून अवलक्षण,’ गुरुजी म्हणतात.

बाबांच्या डाव्या हाताने ते नापासच झाले असते. पण त्यांचा उजवा हात मला पाठ होता. झटक्याआधीची सगळी वर्षं सोफ्यावर शेजारी बसून मी नुसता तो हात बघितला होता, पट कधी बघितला नव्हता, आणि कुणाचा हात कसा वाचायचा ह्याचं तर मला कंपनीने पगार देऊन शिक्षण दिलं होतं. फरशीच्या वरच्या उजव्या कोपऱ्याजवळ टेकायचं. घुटमळायचं नाही. चुकलं तर मागे न घेता पुढच्या फरशीने निस्तरायचं, छापखान्यात अक्षराचा खिळा चुकला तर ते तसंच करायचे. रविवारी मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि टॅब्लेट ओट्यावर ठेवला.

आई आत आली. ‘चोरी करतेस का काय?’

‘चोरी कसली, आई? आपलंच आहे.’

‘आपलंच आहे तर दार कशाला लावलंस?’

मी तीन पट खेळले. हात जुळला, अगदी व्यवस्थित जुळला, आणि खातं उघडलं. सोमवारी गुरुजी जरा खट्टू होते. ‘तो नमुना आठवतो? परीक्षेत पास झाला. असतो एखादा. चूक माझीच असेल.’ त्यांनी रोजच्यासारखं डब्यातलं अर्धं माझ्या झाकणात काढून ठेवलं आणि मी ते खाल्लं.

आता पुढचं सोपं नव्हतं, पण फार अवघडही नव्हतं. एकदा पकडलेल्या खात्यावर यंत्राचा डोळा जास्तच असतो; बाबांनी डाव्या हाताने एक पट जरी खेळला असता तरी यंत्राने पुन्हा पकडलं असतं, आणि दुसरी परीक्षा मिळत नाही. म्हणून मीच खेळायचं ठरवलं. बाबांच्या उजव्या हाताने, रोज सहाला, बाबांच्या शेजारी बसून. त्यांना नीट समजावून सांगितलं. खेळणार मी, पण खुणा कुठल्या द्यायच्या ते तुम्ही बोटाने दाखवा, दाबेन मी.

पहिल्या दिवशी पट उघडला तेव्हा सुतार आधीच येऊन बसलेला होता. त्याने लगेच खूण पाठवली, ‘वा’. मग दुसरी, ‘वा’. खातं बंद होतं तेवढे दिवस तो रोज येऊन बसत असणार. बाबांनी मांडीवर डावा हात आपटला, त्यांचा चेहरा एका बाजूने सगळा हसत होता. आमची फरशी यायच्या आत सुताराने आपला निम्मा वेळ आम्हाला देऊन टाकला. मला वेळ नको होता. मी टपाटप फरश्या लावत गेले, पट भरत आला, कोपऱ्यातली शेवटची जागा राहिली आणि शेवटची फरशी माझ्या वाट्याला आली. ती मी लावली. पट पूर्ण झाला, पूर्ण गुण मिळाले.

बाबा ओरडले. ‘बरं! बरं!’ त्यांनी माझं मनगट धरलं आणि पटाच्या त्या कोपऱ्याकडे बोट करत राहिले.

‘हो बाबा, जिंकलो,’ मी म्हटलं.

पलीकडून काहीच खूण आली नाही. थोड्या वेळाने सुतार उठून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने ‘घाई नको’ पाठवलं. मी बाबांना विचारलं, काय उत्तर देऊ? ते खुणांकडे बघेनात, पुन्हा त्या कोपऱ्याकडेच बोट. मी आपली अंदाजाने ‘वा’ दाबली. पट पूर्ण केला. तिसऱ्या दिवशी सुताराने वेळ देणं बंद केलं.

‘त्यांना काहीतरी सांगायचंय,’ आई दारातून म्हणाली.

‘काय सांगायचंय?’

‘मला काय ठाऊक? मी कधी बघितलं त्यांच्या त्या फरश्यांकडे?’

त्या दिवशी मी शेवटची फरशी उचलत असताना बाबांनी डावा हात मध्ये घातला. बोट पडद्याला लागणार इतक्यात मी तो धरला. जोरात धरला. ‘नको ना बाबा. पकडतील.’ त्यांच्या हातात जेवढा जोर होता तेवढा त्यांनी लावला आणि मी सोडला नाही. मग त्यांनीच सोडला. त्यानंतर मी खेळत असताना ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला हे दिसत होतं. पण खातं तर उघडं होतं, ते टिकवायचं होतं, आणि माझा हात इतका बेमालूम चालला होता की यंत्राने एकदाही हूं की चूं केलं नाही. मी समोरच्या फरश्या लावत गेले.

मग सुतार यायचा थांबला. दोन संध्याकाळी मी एकटीच पट उघडून बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी गुरुजींनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

‘माझं चुकलं नव्हतं बघ,’ ते म्हणाले. आवाजात समाधान होतं, पण जिंकल्याचा तोरा नव्हता, तसा माणूस नाही तो. ‘त्या नमुन्याच्या जोडीदारानेच तक्रार केलीय. वाचतो.’

तक्रारीच्या चौकटीत मनचं लिहिता येतं, खेळात येत नाही ते. गुरुजींनी वर्गात धडा वाचावा तसं वाचलं.

‘जुळारी या नावाने आता जो खेळतो तो जुळारी नाही. आम्ही आठ वर्षं रोज बसतो. पटावरची शेवटची फरशी आम्ही कधीच लावत नाही, ती उद्यासाठी ठेवतो. गुण कमी मिळतात, मिळू देत. ह्याने पहिल्याच दिवशी ती लावली. माझा माणूस गेल्या वर्षापासून आजारी असावा. त्याचा हात फार सावकाश झालाय, वाट चुकतो, पण तो तोच आहे. मी त्याला माझा वेळ देतो. ह्याला वेळ लागत नाही. ह्याने त्याला हुसकावून त्याची जागा घेतलीय. कृपा करून हे खातं ह्याच्याकडून काढून घ्या आणि ज्याचं आहे त्याला परत द्या. तो कसा आहे तेवढं कळवा.’

‘आला बघ, आजारी काका आला,’ गुरुजी म्हणाले, पण हसले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘समज, तो सावकाश हात खरंच आजारी माणसाचा असला तर?’

‘तर?’

‘तर पहिल्यांदा मी बंद केलं तेच चुकलं. पण मग परीक्षेला हा चपळ हात आला कुठून? आजारी माणूस एका रविवारात खडखडीत बरा होतो का?’ ते माझ्याकडे बघत होते, पोराला उत्तर येत असणार अशा खात्रीने मास्तर बघतात तसे. ‘काहीतरी आहे ह्यात. तुला काय वाटतं?’

मला जे वाटत होतं ते सांगितलं असतं तर गुरुजींनी ऐकून घेतलं असतं. कदाचित तोंडही बंद ठेवलं असतं. पण एका आजारी माणसासाठी त्यांनाही माझ्या खोट्या सहीत गुंतवावं लागलं असतं, आणि तरी खातं वाचलं नसतं. डाव्या हाताने खेळलं तर विकलेलं, उजव्या हाताने खेळलं तर चोरलेलं, आणि खरं सांगितलं तर नातेवाइकाचं. कुठूनही गेलं तरी त्याच बटणापाशी यायचं. मी हे सगळं तिथे बसून अगदी शांतपणे मोजलं. माझे हात गार पडले होते, पण ते तिथे नेहमीच पडतात.

‘आता खेळतोय तो मूळ माणूस नाही,’ मी म्हटलं. ‘जोडीदार स्वतः सांगतोय. त्यापुढे आपण काय बघणार?’

‘तेही खरंच.’

एकदा उघडलेलं खातं पुन्हा बंद करायचं तर दोघांची मतं लागतात. गुरुजींनी आपलं टाकलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. मी माझं टाकलं. ‘बंद.’ जोडीदाराची तक्रार खरी ठरली की असं खातं कायमचं जातं, त्याला परीक्षाही नसते.

‘तक्रार करणाऱ्याला उत्तर तू पाठव,’ गुरुजी म्हणाले. ‘मी जरा चहा घेतो.’

आम्हालाही मनचं लिहिता येत नाही. तयार उत्तरं असतात, त्यातलं एक निवडायचं. मी सगळी वाचून काढली, दोनदा वाचली. तो जिवंत आहे, असं कुठल्याही उत्तरात नव्हतं. नुसता त्याचा हात सावकाश झालाय आणि तो तुझी वाट बघतोय, असंही नव्हतं. त्यातल्या त्यात जवळचं एकच होतं. मी ते पाठवलं: ‘धन्यवाद. आपल्या दक्षतेमुळे एक खोटे खाते बंद करण्यात आले आहे. खेळाचा आनंद घेत राहा.’

संध्याकाळी घरी गेले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी टॅब्लेट उघडला नाही, त्यांच्या पलंगावर बसले आणि म्हटलं, ‘बाबा, सुताराने कंपनीला लिहिलंय.’ त्यांनी मान वळवली. मी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द, मला ते पाठ झालं होतं. शेवटची फरशी उद्यासाठी ठेवायची, ते सांगितलं. हात वाट चुकतो पण तो तोच आहे, ते सांगितलं तेव्हा बाबांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, दोन्ही डोळ्यांतून, आणि ते हसतही होते. आई पदराने त्यांचं तोंड पुसत म्हणाली, ‘अगंबाई, सगळं ओळखून होता की तो माणूस.’ बाबा हसत होते आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. तेवढंच मला भयंकर वाटलं.

मग बाबांनी टॅब्लेटकडे बोट केलं, मग माझ्याकडे, मग हवेत लिहिल्याची खूण. काय उत्तर दिलंस? त्याने विचारलं ना मी कसा आहे, काय कळवलंस?

‘कळवलं,’ मी म्हटलं. ‘बाबा बरे आहेत, सावकाश खेळतील, असं कळवलंय. खातं सुरू व्हायला जरा दिवस लागतील.’

‘बरं,’ बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा आईने त्यांना दाढी करून, केस विंचरून, उशीला टेकवून बसवलं होतं. बाबाच हट्ट धरून बसले होते, असं म्हणाली. टॅब्लेट मांडीवर होता आणि डावा हात पडद्याच्या कडेला तयार ठेवलेला. सहा वाजायला आले होते.